चौथ्या सीटवरची हार्ड डिस्क

‘डबल’ या शब्दात काहीतरी जादू आहे राव. डबल चीज, डबल इन्क्रिमेंट, डबल बेड. नुसतं ऐकलं तरी माणूस खिशात हात घालतो. १९९३ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ६.० बाजारात आणलं, तेव्हा त्याच्या खोक्यातही असाच एक डबल होता. नाव डबलस्पेस. एक कमांड द्यायची, रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि सकाळी उठून बघायचं तर काय, ८० एमबीची हार्ड डिस्क १६० एमबीची झालेली! स्क्रू ड्रायव्हर नको, दुकानात जायला नको, पैसे नकोत. एकावर एक फ्री.

आज तुमच्या खिशातल्या १२८ जीबीच्या साध्या फोनमध्ये त्या काळच्या ४० एमबीच्या तीन हजारांहून जास्त डिस्क मावतील. त्यामुळे ८० एमबी वाचवायला लोक एवढे का तडफडत होते हे समजायला थोडं मागे जावं लागतं. विंडोज ३.१ टाकलं, एक वर्ड प्रोसेसर टाकला, दोन गेम्स टाकले की डिस्क फुल. नवी डिस्क घ्यायची म्हणजे महिन्याचा पगार बाजूला ठेवायचा. अशा वेळी कुणी म्हणालं की आहे त्यातच दुप्पट माल बसवून देतो, तर कोण नाही म्हणणार?

डबलस्पेस हा काही पहिला वीर नव्हे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅक इलेक्ट्रॉनिक्सने १९९० मध्येच ‘स्टॅकर’ आणलं होतं आणि ते दणकून खपत होतं. १९९१ च्या डीआर-डॉस ६.० मध्येही ‘सुपरस्टोर’ नावाचा असाच प्रकार होता. मायक्रोसॉफ्ट उशिरा आली आणि आल्या आल्या कोर्टात गेली. म्हणजे स्टॅकने तिला नेलं. आमच्या पेटंटवर डल्ला मारलात, असा आरोप. फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्युरीने स्टॅकला १२ कोटी डॉलर द्यायला सांगितले. गंमत म्हणजे त्याच निकालात स्टॅकनेही मायक्रोसॉफ्टचं एक ट्रेड सीक्रेट उचलल्याबद्दल १ कोटी ३६ लाख डॉलर द्यायचे ठरले! त्यानंतर एमएस-डॉस ६.२१ आलं, त्यात हे कॉम्प्रेशन उडवलेलं. मग जून १९९४ मध्ये दोघांची दिलजमाई झाली आणि ६.२२ आलं. त्यात वेगळ्या अल्गोरिदमचं ‘ड्राइव्हस्पेस’. आत्मा तोच, कपडे नवे.

हा इतिहास आज का उगाळायचा? कारण त्या दाबून भरलेल्या डिस्क अजून माळ्यावर आहेत. ट्रंकेत आहेत, बाबांच्या कपाटात आहेत. आणि त्या उघडायला गेलं की बऱ्याचदा एरर येते.

जरा सरकून घ्या

आधी हे दुप्पट व्हायचं कसं ते बघू. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथा बसतो. तो ‘जरा सरकून’ म्हणतो आणि तिघं सरकतात. सीट तेवढीच, पण माणसं चार. डबलस्पेसचं तसंच. डॉस डिस्कवर लिहिताना जागेचे ठराविक गठ्ठे करतं, त्याला क्लस्टर म्हणतात. डबलस्पेसमध्ये क्लस्टर ८ केबीचा, म्हणजे ५१२ बाइटचे १६ सेक्टर. या १६ सेक्टरांतला मजकूर दाबून सात, आठ, नऊ, जमतील तितक्या सेक्टरांत बसवायचा आणि उरलेल्या जागेवर पुढच्याला बोलवायचं.

दाबायचं म्हणजे काय, तर पुन्हा पुन्हा येणारं पुन्हा लिहायचं नाही. पत्रात ‘स. न. वि. वि.’ दुसऱ्यांदा आलं तर ते न लिहिता ‘मागे इतकी अक्षरं जा आणि तिथून इतकी उचल’ एवढी खूण करायची. लेम्पेल आणि झिव या जोडगोळीने १९७७ मध्ये मांडलेली ही कल्पना. तुमच्या झिप फाइलच्या मुळाशीही तीच आहे. साधा मजकूर, हिशेबाचे तक्ते, डेटाबेस वगैरे छान दबतं. आधीच झिप केलेली फाइल मात्र ढिम्म हलत नाही. दाबलेल्याला किती दाबणार?

म्हणून डबलस्पेसच्या ड्राइव्हवर दिसणारी ‘मोकळी जागा’ हा अंदाज असायचा, दोनास एक या हिशेबाने बांधलेला. स्क्रीनवर ३० एमबी फ्री दिसतंय आणि १८ एमबीची झिप फाइल मात्र मावत नाही, कारण खरी जागा आहे पंधराच एमबी. लोक दुकानदाराशी भांडायला जायचे.

आता मुख्य गोष्ट. कॉम्प्रेस केल्यावर तुमचा ‘सी’ ड्राइव्ह हा खरा ड्राइव्ह राहायचाच नाही. खऱ्या डिस्कवर एक भलीमोठी लपवलेली फाइल तयार व्हायची, नाव ‘डीबीएलस्पेस.०००’. तुमचं सगळं जग त्या एका फाइलच्या पोटात. खऱ्या डिस्कला मग ‘एच’सारखं दुसरं अक्षर मिळायचं. तिला होस्ट ड्राइव्ह म्हणायचं. कॉम्प्युटर सुरू होताना डॉस सगळ्यात आधी ‘डीबीएलस्पेस.बिन’ हा ड्रायव्हर मेमरीत चढवायचं आणि तो अक्षरांची अदलाबदल करून त्या फाइललाच ‘सी’ म्हणून तुमच्यासमोर उभं करायचा. (हा बिन महाशय मेमरीतले चाळीसेक केबी खायचे. ६४० केबीच्या जमान्यात ते जड जायचं. असो.)

यातून एक भन्नाट अपघात व्हायचा. कुणीतरी हुशार पोरगा ‘एच’ ड्राइव्हवर जायचा, लपवलेल्या फाइल दिसतील असं करायचा आणि त्याला ही धटिंगण फाइल दिसायची. एवढी मोठी? काय कामाची? डिलीट! ती लपवलेली, सिस्टिम आणि रीड-ओन्ली अशा तीन कुलपांत असायची. तरीही तीन कुलपं उघडून तिला उडवणारे बहाद्दर होते. त्या क्षणी सी ड्राइव्ह संपला.

दुसरा अपघात याच्या उलट. एरर आल्यावर कुणीतरी ड्रायव्हर न चढवता मशीन बूट करायचं आणि ‘सी’ बघायचं. तिथे चार-पाच फाइल! डॉसच्या दोन-तीन आणि ती एक लपलेली. ‘सगळा डेटा गेला’ असं म्हणून हताश मालक फॉरमॅट मारून मोकळा व्हायचा. डेटा होता, तिथेच होता, समोरच होता. फक्त त्याचं दार उघडलेलं नव्हतं.

लोच्या कुठे होतो

साध्या डॉस डिस्कवर कुठली फाइल कुठल्या क्लस्टरमध्ये आहे याचं एक कोष्टक असतं, ‘फॅट’. आणि डॉस या कोष्टकाच्या दोन प्रती ठेवतं. एक बिघडली तर दुसरी आहे. डबलस्पेसमध्ये आणखी एक कोष्टक येतं, ‘एमडीफॅट’. फॅट सांगतं की या फाइलचा पुढचा क्लस्टर कोणता. एमडीफॅट सांगतं की तो क्लस्टर प्रत्यक्षात कुठल्या सेक्टरपासून सुरू होतो आणि किती सेक्टरांत कोंबलाय. टीसीच्या चार्टसारखं, कोण कुठल्या सीटवर. शिवाय ‘बिटफॅट’ नावाची तिसरी यादी, कुठली सीट रिकामी आहे ती सांगणारी. बिटफॅट बिघडला तर फार बिघडत नाही, एमडीफॅट वाचून तो पुन्हा मांडता येतो. एमडीफॅटची मात्र एकच प्रत असते.

हिशेब करून बघा. एमडीफॅटमधली प्रत्येक नोंद ४ बाइटची. म्हणजे ५१२ बाइटच्या एका सेक्टरमध्ये १२८ नोंदी. प्रत्येक नोंदीमागे ८ केबी मजकूर. एक सेक्टर खराब झाला की तब्बल १ एमबी मजकुराचा पत्ता गायब! साध्या डिस्कवर एक खराब सेक्टर म्हणजे अर्धा केबी खड्डा. इथे नुसत्या मजकुराच्या जागी सेक्टर खराब झाला तरी तो एकटा जात नाही, कारण दाबलेला क्लस्टर मधूनच वाचता येत नाही. मागे जा, तिथून उचल, या साखळीतली एक कडी निखळली की पुढचं सगळं निरर्थक.

आणि कडी निखळायची तरी का? १९९३ मध्ये डबलस्पेसने डेटा खाल्ल्याच्या तक्रारींनी अमेरिकेतली कॉम्प्युटरची साप्ताहिकं गाजत होती. त्यातले बरेच गुन्हे डबलस्पेसचे नव्हतेच, शेजाऱ्याचे होते. शेजारी म्हणजे ‘स्मार्टड्राइव्ह’. हा डिस्कचा वेग वाढवणारा प्रोग्रॅम. तुम्ही ‘सेव्ह’ म्हटलं की तो ‘झालं’ म्हणायचा आणि मजकूर मेमरीत धरून ठेवायचा, नंतर सवडीने डिस्कवर उतरवायचा. तेवढ्यात तुम्ही सी प्रॉम्प्ट बघून बटण बंद केलं, की गेलं. त्या काळी शटडाऊन नावाची भानगड नव्हती हो, प्रॉम्प्ट दिसला की खटका बंद. आपल्याकडे तर खटका आपण बंद करायच्या आधी वीज मंडळच करायचं. साध्या डिस्कवर याने एखादी फाइल जायची. कॉम्प्रेस्ड डिस्कवर एमडीफॅट अर्धा नवा, अर्धा जुना राहायचा.

नोव्हेंबर १९९३ मधलं ६.२ म्हणजे या सगळ्यावरची माफी होती असं माझं प्रामाणिक मत आहे. मायक्रोसॉफ्टने ते तसं म्हटलं नाही, कंपन्या म्हणत नाहीत. स्मार्टड्राइव्ह आता हातातलं सगळं डिस्कवर उतरवल्याशिवाय प्रॉम्प्ट परत देईना. ‘डबलगार्ड’ नावाचा पहारेकरी आला. दुसरा एखादा आडदांड प्रोग्रॅम डबलस्पेसच्या मेमरीत घुसला, तर चुकीचं काही लिहिलं जाण्याआधी तो कॉम्प्युटरच थांबवायचा. कॉम्प्रेशन काढून डिस्क पूर्ववत करायची सोय आली, जी आधी चक्क नव्हती! आणि आला आपला आजचा हीरो, स्कॅनडिस्क.

आधी घर, मग तिजोरी

स्कॅनडिस्कच्या आधी होतं चेकडिस्क. ‘स्लॅश एफ’ लावून चालवलं की ते हरवलेले क्लस्टर गोळा करायचं, पण डबलस्पेसच्या पोटातलं बघायला वेगळी कमांड द्यावी लागायची. दोन डॉक्टर, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. स्कॅनडिस्क दोन्ही बघतं. ६.२ मध्ये तर चेकडिस्क चालवलं की तेच स्वतः नम्रपणे सुचवतं, माझ्याऐवजी स्कॅनडिस्क वापरा.

दुरुस्तीचा क्रम मात्र चुकवायचा नाही. आधी होस्ट ड्राइव्ह, मग कॉम्प्रेस्ड ड्राइव्ह. स्कॅनडिस्कही हेच विचारतं आणि अनेक जण कंटाळून ‘नो’ दाबतात. कारण साधं आहे. तिजोरी आतून नीट लावायला घेतलीत आणि तिजोरी ज्या घरात आहे त्याच्याच भिंती सरकलेल्या असतील, तर काय उपयोग? होस्टच्या फॅटमध्ये त्या लपलेल्या मोठ्या फाइलची साखळी तुटलेली असेल, तर तुम्ही आत केलेली दुरुस्ती भलत्याच सेक्टरवर लिहिली जाईल. म्हणजे चालता रोगी झोपवलात.

मशीन सुरूच होत नसेल तर ६.२ पासून एक चोरदरवाजा आहे. ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ दिसताच कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा. डबलस्पेसचा ड्रायव्हर न चढता डॉस उघडतं. आता जो ‘सी’ दिसतोय तो होस्ट आहे हे लक्षात ठेवा आणि चार फाइल बघून छातीत धडधडू देऊ नका. इथे होस्ट तपासून घ्या, मग नेहमीसारखं बूट करून कॉम्प्रेस्ड ड्राइव्ह तपासा. तो जोडलाच जात नसेल, तर स्कॅनडिस्कला ड्राइव्हच्या अक्षराऐवजी थेट त्या फाइलचं नाव द्यायचं. ते तेही ऐकतं.

कधी कधी एररच वेगळी असते. ड्राइव्ह फार ‘फ्रॅगमेंटेड’ आहे, जोडता येत नाही, अशी. इथे आत काही बिघडलेलं नसतं. ती मोठी फाइल होस्टवर इतक्या तुकड्यांत विखुरलेली असते की ड्रायव्हरच्या वहीत तुकड्यांचे पत्ते मावत नाहीत. उपाय, होस्टवर डीफ्रॅग, आणि तेही लपलेल्या फाइल हलवण्याची परवानगी देणारं ‘स्लॅश एच’ लावून. किंवा ‘डीबीएलस्पेस.आयएनआय’मध्ये ‘मॅक्सफाइलफ्रॅगमेंट्स’चा आकडा वाढवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण यापायीही डिस्क फॉरमॅट झालेल्या आहेत.

स्कॅनडिस्कला एक ‘ऑटोफिक्स’ आहे. काही विचारू नकोस, दिसेल ते दुरुस्त कर. ज्यांच्या डिस्कवर नुसते गेम्स आहेत त्यांनी खुशाल वापरावं. बाकीच्यांनी नाही. प्रत्येक दुरुस्तीआधी तो जे दाखवतो ते वाचा, कारण ‘दुरुस्ती’ म्हणजे कोष्टक सुसंगत करणं. तुमचा मजकूर परत आणणं नव्हे. सुसंगत करण्यासाठी काही फेकावं लागलं तर तो फेकतो. फेकण्याआधी मात्र एक रिकामी फ्लॉपी मागतो, ‘अनडू डिस्क’. केलेले बदल त्या फ्लॉपीवर नोंदले जातात आणि ‘स्लॅश अनडू’ देऊन मागे जाता येतं, अट एकच, मधल्या काळात डिस्कवर दुसरं काही लिहायचं नाही. माझ्या मते संपूर्ण डॉसमधली ही सगळ्यात सभ्य सोय.

कुलवृत्तांत आणि प्रिन्स ऑफ पर्शिया

आमच्या ऑफिसात अकाउंट्सला एक मुलगी आहे. तिच्या आजोबांनी आयुष्यभर घराण्याचा कुलवृत्तांत जमवला. पोस्टकार्डं पाठवून, गावोगाव फिरून, कोण कुणाचा नातू, कोण दत्तक गेला, कोण बडोद्याला स्थायिक झाला. तिच्या बाबांनी १९९४ ते ९६ मध्ये तो सगळा सी-डॅकच्या एएलपी या डॉसवरच्या मराठी वर्ड प्रोसेसरमध्ये टाइप केला. छापायचं राहिलं. आजोबा गेले, पोस्टकार्डांना वाळवी लागली. उरली ती १२० एमबीची एक हार्ड डिस्क, एमएस-डॉस ६.२, डबलस्पेस केलेली. ती पोरीने डब्याच्या पिशवीत घालून आणली. ‘अरे, दुकानवाला म्हणतो रद्दीत टाका.’

पहिला नियम, मूळ डिस्कवर दुरुस्ती करायची नाही. स्कॅनडिस्क लिहितो. तीस वर्षांच्या डिस्कवर लिहायला लावणं म्हणजे नव्वदीच्या आजींना दादर स्टेशनचा पूल चढायला लावणं. आधी तिची सेक्टर टू सेक्टर प्रत, म्हणजे इमेज काढायची. लिनक्सवरचं ‘डीडीरेस्क्यू’ यासाठी उत्तम. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेले सेक्टर नंतरसाठी ठेवतं आणि काय वाचलं, काय नाही याची नोंदवही ठेवतं. १२० एमबीची इमेज म्हणजे तुम्हाला फॅमिली ग्रुपवर आलेल्या बारशाच्या व्हिडिओएवढी.

इथे एक अडचण येते. बाजारातले आयडीई टू यूएसबी जोडणारे स्वस्तातले अडॅप्टर अशा फार जुन्या डिस्क बऱ्याचदा ओळखतच नाहीत. त्यांना सेक्टर नंबरने मागायची सवय असते, आणि या डिस्कना सिलिंडर, हेड, सेक्टर अशा जुन्या पत्त्यानेच हाक मारावी लागते. डिस्क मेली असं समजू नका. आयडीई पोर्ट असलेला एखादा जुना मदरबोर्ड शोधा. आम्हाला लॅमिंग्टन रोडला मिळाला. डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे लिहून घ्या, पुढे लागतात.

डिस्क फिरली. आवाज चक्कीसारखा, पण फिरली. इमेज निघाली, नऊ सेक्टर वाचता आले नाहीत. तिची आणखी एक प्रत काढून ती ८६बॉक्स या एम्युलेटरमध्ये जोडली, लेबलवरचे आकडे भरले. इमेज पूर्ण डिस्कची असल्यामुळे तिच्यात तिचं स्वतःचं डॉसही असतं, वेगळं शोधावं लागत नाही. कंट्रोल-एफ५. होस्ट तपासला, फॅटच्या दोन प्रतींत फरक होता, चांगली प्रत ठेवली. मग आतला ड्राइव्ह. एमडीफॅट बऱ्यापैकी धडधाकट निघाला, पण त्यात क्रॉस-लिंक होते. म्हणजे एकाच सीटवर दोघांचं रिझर्व्हेशन. दोन वेगळ्या फाइल, दोघींच्या नोंदी त्याच सेक्टरांकडे बोट दाखवतायत. त्यातली एक फाइल म्हणजे कुलवृत्तांताचं सातवं प्रकरण. दुसरी, प्रिन्स ऑफ पर्शिया.

‘तो गेम मी टाकला नव्हता,’ बाबा लगेच म्हणाले. ते खास या कामासाठी शनिवारी ऑफिसात आले होते. ‘अहो, तो तुमचाच हायस्कोर असणार,’ असं मी म्हटल्यावर मात्र हसले.

क्रॉस-लिंक आले की स्कॅनडिस्क त्या जागेच्या मजकुराची प्रत करून दोन्ही फाइलींना वेगवेगळी देतो. दोघांपैकी एकच खरा मालक असतो, तेव्हा एक फाइल शाबूत निघते आणि दुसरीच्या पोटात परका मजकूर राहतो. कुठली ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. सातवं प्रकरण उघडलं. शाबूत. राजपुत्र धारातीर्थी पडला.

अकराव्या प्रकरणाचं नशीब तेवढं नव्हतं. न वाचता आलेल्या नऊपैकी दोन सेक्टर त्याच्या एका क्लस्टरचे होते, म्हणजे मधला ८ केबीचा तुकडा उलगडेचना. एएलपीचा मजकूर इस्की संकेतात असतो, एका अक्षरखुणेला एक बाइट. तेव्हा ८ केबी म्हणजे चांगली चार-पाच छापील पानं. त्यात कोकणातून सांगलीकडे गेलेल्या शाखेच्या तीन पिढ्या होत्या. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

अशा वेळी बहुतेक लोक जे फेकून देतात तिथे बघायचं. स्कॅनडिस्कला कुठल्याच फाइलचे नसलेले क्लस्टर सापडले की तो ते ‘फाइल०००० डॉट सीएचके’, ‘फाइल०००१ डॉट सीएचके’ अशा नावांनी रूट डिरेक्टरीत ठेवतो. सगळे म्हणतात कचरा आहे, उडवा. आमच्याकडे असे एकतीस तुकडे निघाले. इस्की ओळखणं अवघड नाही. इंग्रजी अक्षरं १२८ च्या खाली असतात, देवनागरी १६० च्या वर. हेक्स एडिटरमध्ये जिथे सलग मोठ्या आकड्यांचा पट्टा दिसेल तो उचलायचा आणि युनिकोडमध्ये बदलायचा. दोन्हींची अक्षरांची रचना इतकी जवळची आहे की (युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच मांडणीवर बेतलीय) ती बदलणारी स्क्रिप्ट एका संध्याकाळी लिहून होते. एकतिसांतले सहा तुकडे मराठी निघाले. त्यातला एक अकराव्या प्रकरणाचा जुना मसुदा होता, कधीतरी सेव्ह करताना वीज गेली असावी. तीनपैकी दोन पिढ्या त्यात होत्या. तिसरीसाठी बाबांनी तिथूनच सांगलीच्या आत्याला फोन लावला. आत्या ऐंशीच्या. फोन स्पीकरवर. ‘लिहून घे रे,’ म्हणाल्या, आणि पाऊण तास थांबल्याच नाहीत. मध्ये एकदा फक्त, ‘तुझ्या वडिलांना मी हे पोस्टकार्डावर कळवलं होतं, त्यांनी नीट ठेवलं नाही वाटतं?’

दोन नावं आत्यांनाही आठवली नाहीत. तिथे टिंबं आहेत.

तुमच्या माळ्यावरची डिस्क

तुमच्याकडची डिस्क नेमकी कुणी दाबली ते आधी ओळखा, कारण औषध त्यावर ठरतं. ‘डीबीएलस्पेस.०००’ असेल तर ६.० किंवा ६.२. ‘डीआरव्हीस्पेस.०००’ असेल तर ६.२२ किंवा नंतरचं. ‘स्टॅकव्हॉल.डीएसके’ असेल तर स्टॅकर, आणि तिथे स्कॅनडिस्कची नव्हे, स्टॅकरच्या स्वतःच्या ‘चेक’ कमांडची गरज आहे. विंडोज ९५ किंवा ९८ चालवलेली डिस्क असेल तर जुन्या डॉसचा स्कॅनडिस्क तिला लावूच नका, मोठ्या नावांच्या फाइलींची तो वाट लावेल. त्या विंडोजचाच वापरा. आणि १९९५ च्या ‘प्लस’ पॅकमधलं ड्राइव्हस्पेस ३ वापरलं असेल, तर ते जुन्या डॉसच्या आवाक्याबाहेरच आहे.

आजच्या विंडोजला यातलं काहीच वाचता येत नाही. एनटी घराण्याने ही पद्धत कधी स्वीकारलीच नाही, त्यांनी एनटीएफएसमध्ये आपलं वेगळं कॉम्प्रेशन आणलं, आणि एक्सपी, सेव्हन, टेन, इलेव्हन ही सगळी त्याच घराण्यातली. त्यामुळे लॅपटॉपला जोडल्यावर ‘डिस्क जवळपास रिकामी आहे’ असं दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. लपवलेल्या फाइल दाखवा आणि डिस्कच्या आकाराएवढा एखादा धटिंगण दिसतो का बघा. विंडोजने ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं तर अर्थातच नाही.

एम्युलेटरची खटपट नको असेल, तर लिनक्ससाठी ‘डीएमएसडॉस’ नावाचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. ते डबलस्पेस, ड्राइव्हस्पेस आणि स्टॅकर तिन्ही वाचतं. कर्नल मात्र जुनं लागतं, म्हणून ते एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकणं बरं. लिहायची सोयही त्यात आहे, पण ती बंद ठेवा आणि फाइली बाहेर काढून घ्या. काढल्या की इमेज पुसू नका. १२० एमबी कुठेही पडून राहील.